बिनतारीतली तार

'बिनतारी' हा शब्द मराठीत रुळला खरा, पण तो अर्धाच खरा आहे. दोन केंद्रांच्या मध्ये तार नसते. दोन्ही टोकांना ती असतेच, आणि संदेशाचे भवितव्य तिच्यावर ठरते. याचा मोठा दाखला दौंडचा. १९२७ साली हिंदुस्थान-इंग्लंड 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण पुण्याजवळच्या खडकीहून होई आणि इंग्लंडहून येणारे संदेश दौंडच्या केंद्रात झेलले जात. मार्कोनी कंपनीच्या सी. एस. फ्रँकलिन यांनी उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदे टांगून लघुलहरी एका दिशेस वळवल्या होत्या. दीर्घलहरींच्या अवाढव्य केंद्रांना लागणाऱ्या शक्तीच्या अल्पांशात त्यामुळे काम भागले. दौंड म्हटले की रेल्वे जंक्शनापलीकडे काही सुचू नये, हे आम्हांस खटकते.

पाच वॅटांवर बोलणारे आजचे कित्येक हौशी मात्र सारा पैसा यंत्रावर खर्चतात आणि अँटेना म्हणून दोन मीटरची सुटसुटीत दांडी घेतात. आमच्या मते ही निवड चुकते. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. तिच्यापुढे त्या दांडीचा प्रारणरोध जेमतेम एक ओहम. वेटोळे आणि जमीन मिळून दहा ओहम खात असतील, तर पाचांतला अर्धा वॅटही आकाशात जात नाही. बाकीच्याने वेटोळे नि माती तापते.

याउलट साध्या तारेचे दहा-दहा मीटरांचे दोन तुकडे घ्यावेत आणि मधोमध केबल जोडावी. या अर्धलहरी डायपोलचा प्रारणरोध पन्नास ओहमांच्या घरात, म्हणून तारेतली हानी नगण्य. शिरूरला घोडनदीकाठी एखादा कडुलिंब गाठावा, दोर फेकून तारेचा मध्य आठ-दहा मीटर चढवावा, टोके उतरती बांधावीत. इतक्या उंचीवरून लहरी बव्हंशी वरच जातात, हा दोष मानतात. पण सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरवरचे दौंड गाठायचे तर हाच गुण. दिवसा आयनांबर त्यांना सहसा परत खाली धाडते. टोकाकडून जोडलेली अर्धलहरी तारही चालते, मात्र तिला रोहित्र लागते आणि त्यात थोडी शक्ती जाते. परवाना अर्थातच हवा. शेतपंपाच्या वीजवाहिनीपासून मात्र चार हात नव्हे, आपली तार तुटून उडाली तरी तिथवर पोचणार नाही इतके दूर राहावे.

गुंडाळल्यावर ही सारी तार पिशवीत दिवाळी अंकाएवढी जागा घेते.