चाळणी वैद्यकाची की खिशाची?

अँटॉप हिलला केंद्र सरकारी नोकरांची वसाहत आणि झोपडवस्ती एकमेकींच्या शेजारी नांदतात. कंपवात दोन्हीकडे शिरतो. उपचार मात्र सारखा पोहोचत नाही.

मेंदूत खोलवर तारा बसवून विद्युत्-स्पंदने देण्याच्या पद्धतीला १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बेनाबिद यांनी आधुनिक रूप दिले. तिने रोग बरा होत नाही, लक्षणे आटोक्यात येतात. म्हणूनच रुग्णाची निवड महत्त्वाची ठरते.

वैद्यकीय निकष बव्हंशी निश्चित आहेत. लेव्होडोपाच्या मात्रेने हालचालींत निदान ३० टक्के सुधारणा दिसावी, तरीही औषधाचा अंमल वारंवार ओसरत असावा. स्मृतिभ्रंश वा अनावर नैराश्य नसावे. औषधाने जो तोल सावरत नाही, तो शस्त्रक्रियेनेही सहसा सावरत नाही. औषधाला दाद न देणारा कंप हा मात्र अपवाद. या चाळणीत गरीब-श्रीमंत हा भेद नाही.

तो पुढच्या चाळणीत आहे. उपकरणाची किंमत कित्येक लाखांच्या घरात जाते. साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. केंद्रीय आरोग्य योजनेत या खर्चाच्या प्रतिपूर्तीची तरतूद आहे. रस्त्यापलीकडचा रोजंदार मजूर त्या योजनेबाहेर आहे.

दुर्मीळ साधनाचे वाटप कोणत्या तरी निकषाने होणारच. सार्वजनिक रुग्णालयांतील मज्जाविकारतज्ज्ञ, शल्यविशारद व मानसोपचारतज्ज्ञ यांच्या मंडळाने पात्र ठरविलेल्या रुग्णाचा, बॅटरीसह, खर्च शासनाने उचलावा. तसे न झाल्यास पहिली चाळणी कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी अंतिम निवड खिसाच करील.