वृद्धाश्रमांवर देखरेख कोणाची?

जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांतील माणसांनीं पोटासाठीं मुंबईची वाट धरल्यास आतां पुष्कळ पिढ्या झाल्या. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ, खेड, आंबेगांव व जुन्नर येथील मंडळींचा भरणा किती आहे, हें सर्वांस ठाऊकच आहे. कर्ता मुलगा मुंबईस अथवा पुण्यास, सून त्याच्यासमवेत, नातवंडें तिकडच्याच शाळेंत, आणि गांवच्या घरीं सत्तरी ओलांडलेलीं दोन माणसें, असें चित्र ओतूरपासून घोडेगांवपर्यंत कोठेंहि दृष्टीस पडतें. त्यांपैकीं एक गेलें, म्हणजे मागें राहिलेल्याचें काय करावें हा प्रश्न उभा राहतो. आणि मग ‘वृद्धाश्रम’ हा शब्द, प्रथम दबक्या आवाजांत व पुढें उघडपणें, घरांत उच्चारला जाऊं लागतो.

आईबापांस वृद्धाश्रमांत ठेवणें बरें कीं वाईट, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. कोणास तें नाइलाजानें करावें लागतें, कोणी वृद्ध आपण होऊन तेथें जातात, आणि ज्यांस आपलें म्हणावें असें कोणीच नाहीं त्यांना तर तेंच एक छप्पर असतें. आमचा प्रश्न निराळा आहे. एकदां तें दार लागलें, म्हणजे आंत काय चालतें हें पाहण्याचें काम कोणाचें? तें काम सरकारचें आहे, आणि तें कायद्यानें, नेमानें व उघडपणें झालें पाहिजे, असें आमचें मत आहे.

कायदा काय सांगतो तें आधीं पाहूं. इ. स. २००७ मध्यें आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. त्या अन्वयें ज्या आईबापांस स्वतःचा निर्वाह करतां येत नाहीं, त्यांस मुलांकडून निर्वाहखर्च मागतां येतो; त्यासाठीं प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें अर्ज करावयाचा असतो. जुन्नर व आंबेगांव मिळून जो उपविभाग आहे, त्याची कचेरी मंचर येथें आहे. सांभाळाखालच्या वृद्धास टाकून देणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाहि त्यांत सांगितली आहे. म्हणजे मुलानें आबाळ केली तर बापास ठोठावण्यास एक दार आहे. परंतु पैसे घेऊन सांभाळ पतकरणाऱ्या संस्थेनेंच आबाळ केली तर? प्रत्येक जिल्ह्यांत निराधार वृद्धांसाठीं निदान १५० माणसांची सोय होईल असें एक तरी गृह राज्य सरकारनें काढावें, व अशा गृहांच्या व्यवस्थेचे नियम ठरवावे, असें त्या कायद्यांत सुचविलें आहे. पण खासगी वृद्धाश्रम काढणारानें आधीं नोंदणी केलीच पाहिजे, असें कलम त्यांत नाहीं.

याच्या शेजारीं दुसरा एक कायदा ठेवून पाहा. अनाथ व निराधार मुलांसाठीं इ. स. २०१५ मध्यें जो कायदा झाला, त्याप्रमाणें मुलांस ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणी करावीच लागते. न केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांहून कमी नाहीं इतका दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय दर तीन महिन्यांतून निदान एकदां तीन किंवा अधिक जणांच्या समितीनें संस्था पाहावयाची. त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. बालकास स्वतःचें गाऱ्हाणें सांगतां येत नाहीं, म्हणून कायद्यानें त्याच्या वतीनें डोळे उघडे ठेवले. अंथरुणास खिळलेल्या, स्मृति हरपलेल्या आजीस तरी तें कोठें सांगतां येतें?

ही उणीव राज्यकर्त्यांच्या ध्यानांत आली नाहीं असेंहि नाहीं. वृद्धांच्या गृहांची नोंदणी व्हावी आणि त्यांचा किमान दर्जा ठरावा, म्हणून दुरुस्तीचें विधेयक डिसेंबर २०१९ मध्यें लोकसभेपुढें आलें होतें. तें मंजूर झालें नाहीं, इ. स. २०२४ मध्यें त्या लोकसभेबरोबर तेंहि संपलें.

कोणी म्हणतील, धर्मादाय आयुक्तांची कचेरी आहे ना? आहे, आणि इ. स. १९५० च्या कायद्यान्वयें सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासले जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु हिशेबाची वही निराळी आणि माणसाची खाट निराळी. वहींत तांदूळ किती आणला तें दिसतें; तो भात मऊ शिजला होता कीं दांत नसलेल्या म्हाताऱ्यानें तसाच बाजूस सारला, तें दिसत नाहीं. ज्यास स्वतः हलतां येत नाहीं त्याची कूस दर दोन तासांनीं बदलावी लागते. न बदलल्यास पाठीस व माकडहाडास जखमा होतात. अशा जखमा कोणत्याहि रजिस्टरांत लिहिलेल्या नसतात. त्या पाहावयाच्या तर चादर दूर करून पाहणारा माणूस पाहिजे.

वृद्ध स्वतः तक्रार करीत नाहींत, यावरून सर्व ठीक आहे असें समजणें ही मोठी चूक होय. पाण्यांत राहून माशाशीं वैर करूं नये, हें त्यांस आपणांहून अधिक कळतें. मुलगा मुंबईहून महिन्यांतून एकदां, तोहि आधीं कळवून, येतो; त्या दिवशीं अंथरुणें स्वच्छ असतात. तो परत गेल्यावर रात्र त्याच हातांच्या भरवंशावर काढावयाची असते. ‘बरें आहे’ असें म्हातारा म्हणतो, तें पुष्कळदां मुलाच्या जिवास घोर नको म्हणून.

सेवाभावानें चालणाऱ्या संस्था आम्ही विसरलों नाहीं. पुण्यांत डेव्हिड ससून यांच्या दानांतून एकोणिसाव्या शतकांत उभें राहिलेलें, आज ‘निवारा’ या नांवानें ओळखलें जाणारें आश्रयस्थान आहे. आपल्या राज्यांत इ. स. १९९५ मध्यें ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजनाहि निघाली. अशा संस्थांस देखरेखीचा जाच होईल, लहान आश्रम कागदपत्रांच्या ओझ्यानें बंद पडतील, तपासनीसाचे हात ओले करण्याची नवी वाट निघेल, अशी भीति बोलून दाखविली जाते. ती अगदींच निराधार नाहीं. पण तिच्यावर उपाय तपासणी टाळणें हा नव्हे. तपासणी उघड्यावर करणें हा होय.

दान उघड्यावर ठेवण्याची रीत तर आपल्याच भूमींत आहे. जुन्नरच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे शिलालेख आहेत. बांबूकाम करणारे व कांसार यांच्या श्रेणींकडे सोंपविलेल्या ठेवींचे उल्लेख त्यांत आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें दिलेल्या लेण्याचीहि नोंद आहे. कोणी, काय आणि कोणाच्या हवालीं केलें, तें खडकावर कोरून ठेवलें, कीं येणाराजाणारानें वाचावें. त्यामुळें दात्यांचा मान कमी झाला नाहीं. इंग्लंडांत इ. स. २००९ पासून एक स्वतंत्र आयोग वृद्धगृहांची तपासणी करतो; बहुधा आधीं न कळवितां करतो, आणि त्यानें दिलेली प्रत इ. स. २०१५ पासून गृहांत सर्वांस दिसेल अशी लावावी लागते. तेथेंहि गैरप्रकार घडतात. परंतु ते झांकून ठेवणें अवघड जातें.

म्हणून आमचें मागणें थोडकेंच आहे. प्रत्येक वृद्धाश्रमाची, मग तो लहान असो वा मोठा, नोंदणी सक्तीची व्हावी. तपासणी न कळवितां, दोघांतिघांनीं मिळून व्हावी. त्यांत एक वैद्यकीय अधिकारी व एक स्त्री असावी, आणि रहिवाशांशीं चालकांच्या गैरहजेरींत बोलणें व्हावें. अहवाल सुबोध मराठींत दारावर लावावा. दोष किरकोळ असल्यास आधीं मुदत व मदत द्यावी. माणसांच्या जिवाशीं खेळ असल्यास मात्र गय करूं नये, आणि संस्था बंद करण्याची पाळी आली तर आंतील वृद्धांची सोय आधीं लावावी.

कायदा होईपर्यंत आपले हात बांधलेले नाहींत. पालकांनीं आश्रम निवडतांना दिवाणखाना न पाहतां स्वयंपाकघर, शौचकूप आणि रात्रीं जागणाऱ्या माणसांची संख्या पाहावी. भेटीस जातांना कधीं तरी न कळवितां जावें. विद्यार्थिमित्रहो, ज्येष्ठांसाठीं १४५६७ हा मदतीचा दूरध्वनि क्रमांक आहे. तो घरांतील व शेजारच्या आजीआजोबांस मोठ्या अक्षरांत लिहून द्या. जवळपास एखादा आश्रम असेल तर शिक्षकांसमवेत वर्षांतून एकदां फळें वाटण्यास जाण्यापेक्षां महिन्यांतून एकदां नुसतें बोलण्यास जा. ज्या घरांत बाहेरचीं मुलें नित्य येतात, त्या घरांत कोणाचें ताट रिकामें राहिलें तर तें चार डोळ्यांस दिसतें. सरकारी तपासनीस वर्षांतून कितीदां येईल तें कायदा ठरवील. तुम्हीं किती वेळां जावें, हें ठरविण्यास तुम्हांस कोणाची परवानगी नको.