तारीख चुकली?

परवा लंच टाइमला डबे उघडले आणि आमच्या टीममधल्या नगरच्या मैत्रिणीने मोबाइल पुढे केला. सासरच्या आत्यांनी कॅलेंडरचा फोटो पाठवलेला. सम तारखांना लाल गोल! पहिली मुलगी झाली, आता दुसऱ्याचा विचार चाललाय ना, म्हणून ही मदत. आम्ही हसलो. ती नाही हसली. म्हणाली, ‘‘पुन्हा मुलगी झाली, तर म्हणतील हिनेच तारीख पाळली नाही.’’

हा फॉर्म्युला तुम्हीही ऐकला असेल. नगर जिल्ह्यातले कीर्तनकार इंदुरीकर महाराज यांचं सम तारखेला मुलगा, विषमला मुलगी असं विधान फेब्रुवारी २०२० मध्ये गाजलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण प्रकरण संगमनेरच्या कोर्टात गेलं. २०२१ मध्ये सेशन्स कोर्टाने खटला रद्द केला. जून २०२३ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो पुन्हा उभा केला आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

दोषी कोण, ते कोर्ट बघेल. आपण जरा शाळेतलं सायन्स आठवू. स्त्रीबीजात कायम एक्स. शुक्रजंतूत एक्स किंवा वाय. जो पोहोचला, त्यावर मुलगी की मुलगा ठरणार. शिवाय शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतो. म्हणजे संबंध चार तारखेला आणि गर्भधारणा सातला! आता सम धरायची की विषम?

मग फॉर्म्युला टिकतो कसा? सोप्पं आहे. नाणं उडवलं तरी साधारण निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतंच. मुलगा झालेले गावभर सांगतात. मुलगी झालेल्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

खरी गोची इथेच आहे. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८५२ मुली होत्या. राज्यात ८९४. कॅलेंडरने मुली कमी होत नाहीत हो. कॅलेंडर फेल गेल्यावर जे पाऊल उचललं जातं, त्याने होतात. म्हणूनच पीसीपीएनडीटी कायद्याचं कलम २२ लिंगनिवडीच्या कुठल्याही उपायाच्या जाहिरातीला बंदी घालतं. उपाय वैज्ञानिक असो की नसो! शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मैत्रिणीने संध्याकाळी फोन लावला. ‘‘आत्या, वाय तुमच्या भाच्याकडून येतो. यादी त्यालाच पाठवा!’’

भाच्याच्याही हातात काही नसतं म्हणा. पण निदान दोष द्यायला तिचं एकटीचंच नाव उरलं नाही.