समाधीला ऑइलपेंट नको

चकलांब्याला आमच्या मळ्याच्या बांधावर, लिंबाखाली, पणजोबांच्या आज्याची समाधी आहे. काळ्या दगडाचा गुडघाभर चौथरा, वर कोरलेल्या पादुका. पोळ्याचा पहिला नैवेद्य तिथंच. दोन वर्षांमागं दिवाळीच्या तोंडावर मीच गेवराईहून पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि चौथऱ्याला दोन हात मारले. भाऊबंद खूश. चुलतीला आता नीट दिसत नाही. तिनं पादुकांवर हात फिरवला आणि म्हणाली, "अरं, बोटं कुठं गेली?"

बोटं रंगानं बुजली होती.

नवस फेडायचा म्हणून, गावची शोभा म्हणून आपण जुन्या दगडांवर रंग, शेंदूर, फरशी चढवतो. भाव खरा असतो, पण दगड मुका होतो. वीरगळीवर खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा, असं वाचत जायचं असतं. सतीच्या दगडावर बांगड्यांचा हात असतो. जुन्या दगडी कबरींवरही कलमदानासारखा उंचवटा दिसला तर ती पुरुषाची, सपाट तख्ती दिसली तर बाईची. नाव कोरलेलं नसलं तरी एवढं कळतं. त्यावर सिमेंट थापलं की संपलं.

आणि हा आपला गेवराई तालुका! इथंच राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. दिवाणाचं नाव राहिलं. बाकीच्यांचं कोण सांगणार?

इंग्लंडात पेन्सविक गावी चर्चच्या आवारात दगडी पेट्यांसारखी जुनी थडगी आहेत. पेटी पोकळ, माणूस खाली मातीत. तिकडं अशा कितीतरी थडग्यांची एकेक करून सरकारी यादीत नोंद आहे. आपल्याकडं १९६० चा राज्याचा कायदा आहे, पण तो जाहीर केलेल्या स्मारकांपुरता. बांधावरच्या दगडाला त्यात कोण विचारतो? मग पंचायतीनंच एक वही घालावी: फोटो, गट नंबर, दगडावर काय कोरलंय ते. घरपट्टीसाठी पत्र्याचं शेड मोजून नमुना आठला चढतंच की.

मी सध्या बांबूच्या कामटीनं पादुकांतला रंग काढतोय. डाव्या पायाची तीन बोटं मोकळी झालीत.