परिचयपत्रापलीकडे

परराष्ट्र सेवा असो, संयुक्त राष्ट्रांची एखादी संस्था असो वा जिल्ह्याच्या ठिकाणचे प्रशासन असो, लोकसेवेच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या तरुणाला आज एक उपदेश हमखास ऐकावा लागतो : ओळखी वाढव. मग परिसंवादात परिचयपत्रे वाटली जातात, चहापानाच्या वेळी छायाचित्रे निघतात आणि मोबाईलमधील नावांची यादी लांबत जाते. परंतु ओळख आणि संबंध या भिन्न गोष्टी आहेत. ओळख क्षणात होते. संबंध मात्र काहीही काम नसताना जोपासावा लागतो. हा भेद विसरला की संपर्काचा वशिला होतो.

भारतीय राज्यव्यवहाराला हा भेद अपरिचित नाही. १९६४ साली भारतीय तंत्र व आर्थिक सहकार्य कार्यक्रम, अर्थात 'आयटेक', सुरू झाला. देश स्वतः अन्नटंचाईशी झुंजत असताना विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना येथे बोलावून प्रशिक्षण देण्याचा निर्णय झाला. आजवर १६० हून अधिक देशांतील दोन लाखांहून अधिक अधिकाऱ्यांनी त्याचा लाभ घेतला आहे. लष्करी शिक्षणाची परंपराही अशीच आहे. नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासांजो यांनी तरुणपणी पुण्यात लष्करी अभियांत्रिकीचे धडे घेतले, तर मुहम्मदू बुहारी १९७३ मध्ये वेलिंग्टनच्या संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालयात शिकले. पुढे दोघेही आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी दोहा येथील भारतीय दूतावासात भारताच्या राजदूतांना भेटण्यासाठी तालिबानचे शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई आले. अफगाणिस्तानात अडकलेल्या भारतीयांची सुरक्षा आणि त्या भूमीचा भारताविरुद्ध वापर होऊ नये, हे त्या भेटीचे विषय होते. हे स्तानिकझाई एकेकाळी देहरादूनच्या भारतीय सैन्य अकादमीत शिकलेले होते. म्हणून तालिबानची विचारसरणी बदलली काय? मुळीच नाही. राष्ट्रे हितसंबंधांवर चालतात, स्नेहसंमेलनांवर नव्हे. ज्याला भारत ठाऊक आहे त्याच्याशी बोलताना निदान पहिल्या वाक्यापासून आरंभ करावा लागत नाही, एवढाच याचा अर्थ. संकटकाळी एवढेही पुष्कळ असते.

खरी उणीव पुढे आहे. प्रशिक्षण संपते, प्रमाणपत्र मिळते, समूहछायाचित्र निघते आणि पाहुणा मायदेशी परततो. आपले दूतावास आयटेक दिन साजरा करतात, ते योग्यच आहे. पण वर्षातील एका सायंकाळी झालेली भेट उरलेल्या दिवसांची जागा घेऊ शकत नाही. प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याने परतल्यावर कोणते काम हाती घेतले, शिकलेल्यापैकी काय उपयोगी पडले, काय कुचकामी ठरले, हे विचारणारे एक पत्र शंभर परिचयपत्रांहून मोलाचे आहे. असे पत्र लिहिणारा मागत काही नाही, तो ऐकतो. आलेल्या पत्राला वेळेवर उत्तर देणे, दिलेला शब्द पाळणे, जमणार नसेल तर तसे स्पष्ट कळवणे, या साध्या गोष्टींवरच विश्वास उभा राहतो.

हे केवळ शासनाचे काम मानणे ही पळवाट ठरेल. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि त्याला खिडकीतून जेवण पोहोचवले जात होते. ते दृश्य वसतिगृहप्रमुख डॉ. शां. ब. मुजुमदार यांच्या दृष्टीस पडले. परदेशी विद्यार्थ्याचे एकाकीपण त्यांना जाणवले आणि त्यातूनच १९७१ मध्ये 'सिंबायोसिस' उभी राहिली.

असे विद्यार्थी आजही आपल्या शहरांत आहेत. त्यांना भाड्याने खोली नाकारणारे आपणच, रंगावरून हिणवणारे आपल्यातलेच, आणि 'वसुधैव कुटुंबकम्' अभिमानाने उच्चारणारेही आपणच! यांतील काही तरुण उद्या आपापल्या देशात सचिव, राजदूत, मंत्री होतील. भारताविषयीचे त्यांचे मत त्यांना घरमालकाने दिलेल्या वागणुकीवरून आणि शेजाऱ्याने दिवाळीला दिलेल्या फराळावरून ठरणार आहे. तेव्हा या दिवाळीत एक पान अधिक मांडावे आणि त्या पाहुण्याला त्याच्या गावाविषयी बोलते करावे. राष्ट्राचा संवाद घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो.