परवाना संपल्याचे कळणार कधी?

क्षयरोगाचा संशय असलेल्या रुग्णाची थुंकी सीबी-नॅट यंत्रात घातली की दोन तासांच्या आसपास उत्तर मिळते. नांदेड असो की लातूर, ही तपासणी आता सवयीची झाली आहे. या यंत्राचा एक गुण मात्र दुर्लक्षित राहतो. जंतू आढळले की नाही, एवढेच ते सांगत नाही. तपासणीच नीट झाली नसेल तर ‘एरर’ किंवा ‘इनव्हॅलिड’ असे वेगळे कळवते. मग नमुना पुन्हा घेतला जातो आणि निदान हुकत नाही. रुग्णालयाच्या संगणकांवरील परवाने तपासणारे सॉफ्टवेअर निवडतानाही नेमके हेच पाहायला हवे, पण पाहिले जाते ते किमतीकडे.

हे परवाने ‘रोबोट’चे असतात. इथला रोबोट म्हणजे हातपाय असलेला यंत्रमानव नव्हे, तो एक प्रोग्राम असतो. एका पडद्यावरचे नाव, वय, तपासणीचा निकाल वाचून दुसऱ्या पोर्टलवर भरायचे काम तो रात्रभर न थकता करतो. बँका आणि विमा कंपन्या असे रोबोट बरीच वर्षे वापरत आहेत. सरकारी रुग्णालयात क्षयरुग्णाची नोंद निक्षयवर, औषधांचा साठा ई-औषधीवर, विमा योजनेचे दावे आणखी तिसरीकडे अशी तारांबळ असते. एकाच डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या गळ्यात हे सगळे पडलेले असताना रोबोटचा मोह होणारच, आणि तो वावगाही नाही.

मात्र हे रोबोट बहुधा विकत मिळत नाहीत, ठराविक मुदतीच्या परवान्यावर मिळतात. काही परवाने एका संगणकाला बांधलेले, काही अनेकांनी मिळून वापरायचे. मुदत संपली की रोबोट थांबतो, आणि कसलाही आवाज न करता थांबतो. डिसेंबर 2018 मध्ये ब्रिटनमधल्या एका मोबाइल कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे इंटरनेट बंद पडले. कारण होते नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमधले मुदत संपलेले एक प्रमाणपत्र. आपल्याकडे कारण वेगळे होते, पण परिणाम तोच झाला. जुलै 2022 मध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतली एचएमआयएस ही संगणकप्रणाली कंपनीबरोबरच्या वादातून थांबली आणि केसपेपर, रक्ताचे अहवाल पुन्हा हाताने लिहावे लागले. जुन्या रुग्णांना आधीची माहिती मिळेना. दुसऱ्याच्या मालकीच्या सॉफ्टवेअरवर रुग्णसेवा उभी असली की असे होते.

म्हणून कोणते परवाने चालू, कोणते पडून, कोणते संपत आले, हे मोजणारे साधन हवे हे खरे. पण ते साधन म्हणजे एक चाचणीच आहे, आणि चाचणी जशी जोखतात तसेच त्याला जोखावे. समजा, जिल्ह्यातल्या सगळ्या रुग्णालयांचे मिळून 200 परवाने आहेत आणि त्यांतले 10 संपत आले आहेत. दहापैकी नऊ वेळा बरोबर उत्तर देणारे साधन त्यांतले 9 पकडेल. उरलेल्या 190 धडधाकट परवान्यांपैकी 19 बद्दलही ते ओरडेल. म्हणजे 28 इशारे, त्यांतले खरे 9. अतिदक्षता विभागात मॉनिटर उगाच वाजत राहिला की परिचारिकेचा कान बधिर होतो, तसेच तिसऱ्या आठवड्यापासून हे ईमेल कुणी उघडणार नाही. आणि सुटलेला तो दहावा परवाना नेमका दाव्यांच्या रोबोटचा असेल, तर पैसे अडकतील ते रुग्णालयाचे.

विक्रेत्याच्या सादरीकरणात यातले काही दिसत नाही. वातानुकूलित खोली, जोरदार इंटरनेट आणि पडद्यावर सगळे दिवे हिरवे. तेच साधन किनवट किंवा जळकोटच्या रुग्णालयात बसवून महिनाभर चालवावे. ज्याची उत्तरे आधीच ठाऊक आहेत असे परवाने त्याच्यापुढे ठेवावेत आणि त्यात मुद्दाम दोन संपलेले मिसळावेत. मग इंटरनेटची वायर काढावी. संपर्क तुटल्यावरही पडदा हिरवाच राहिला तर ते साधन परत पाठवावे. ‘तपासता आले नाही’ हे ‘ठीक आहे’ म्हणून दाखवणारी चाचणी कुठल्याही प्रयोगशाळेत टिकणार नाही. परवाने विकणाऱ्या कंपनीचेच साधन असेल तर पडून राहिलेले परवाने ते प्रामाणिकपणे दाखवते का, हेही पाहावे. कमी परवान्यांत भागते, हे कंपनीने आपणहून सांगावे अशी अपेक्षा जरा भाबडीच आहे. (या साधनाला स्वतःचाही परवाना असतो, तोही संपतो.)

शेवटी प्रश्न दिवसांचा. मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी इशारा देणे खासगी कंपनीला पुरेल. सरकारी रुग्णालयात प्रस्ताव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि अनुदान यांतून फाइल फिरून येईपर्यंत 30 दिवस कधीच उलटून जातात. इशाऱ्याचा कालावधी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो का आणि तो संदेश विक्रेत्याऐवजी अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक व भांडार विभागाला थेट जातो का, हे निविदेच्या अटींमध्येच लिहून घ्यावे.