भिजलाय? मग ‘ऑन’ करू नका!

पावसाळी ट्रेकनंतरच्या सोमवारी ऑफिसात एक तरी चेहरा हमखास उतरलेला असतो. कॅमेरा भिजलेला असतो ना! अशा वेळी तो ‘ऑन’ करून बघायचा मोह होतोच. मंडळी, नेमकं तेच टाळा. ओल्या सर्किटमधून करंट धावला की शॉर्ट झालंच म्हणून समजा.

आधी बॅटरी काढा, मग कार्ड. माझा कॅमेरा वारी कव्हर करताना दिवेघाटात धो-धो पावसात सापडला, तेव्हा जीव अडकला होता तो कार्डात. त्या फोटोंवरच घरभाडं निघायचं होतं! पण कार्डात हलणारे पार्ट नसतात. नीट सुकवल्यावर सगळे फोटो मिळाले.

बॉडीचं मात्र तसं नसतं. हेअर ड्रायर नको, त्या झोतानं पाणी आणखी आत जातं. तांदळाचा डबाही नको, पीठ आत शिरतं. सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. आणि अलिबागच्या लाटेत भिजला असेल तर सुकायची वाट बघत बसू नका. पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं नि गंज चढतो.

मुंबईकरांना रिपेअरसाठी फोर्टातला बोराबाजार आहेच. माझाही तिथेच सुधारला. कॅमेरा उघडून बघितल्यावरच आकडा सांगेल, तो कारागीर खरा. एस्टिमेट लेखी घ्या, कारण वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा बसत नाही. आकडा सेकंडहँड बॉडीच्या किमतीला भिडला, तर सरळ नमस्कार करून निघा. लेन्स मात्र दाखवून घ्याच. आत ओल राहिली की बुरशी धरते!